देवाला दिलेलं पातं
जेजुरीच्या खंड्याचा आणि त्याच्या संस्थानाचा इतिहास

झाशीच्या जुन्या तटाचे दरवाजे आज बरेचसे पत्त्यांपुरते उरलेत. दतिया दरवाजा, ओरछा दरवाजा, सागर दरवाजा ही नावं ज्या गावाकडे वाट जाते त्या गावाची. खंडेराव दरवाजाचं तसं नाही. त्या नावाचं गाव झाशीच्या आसपास नाही. ते नाव दक्षिणेतून आलं, आमच्यासारख्या घरांबरोबर. आमच्या देवघरात घोड्यावर बसलेल्या खंडेरायाचा चांदीचा टाक आहे. हातातलं पातं पुसून पुसून इतकं झिजलंय, की नव्या माणसाला ती तलवार आहे हे सांगावं लागतं. कुळाचा देव जेजुरीला, कूळ झाशीला आणि मध्ये हजाराहून अधिक किलोमीटर. म्हणूनच असेल, पण जेजुरीच्या संस्थानाचा इतिहास लिहायला बसलो की मला आधी शिखर आठवत नाही, दीपमाळा आठवत नाहीत. आठवतो तो खंडा, देवाला वाहिलेलं ते जड, सरळ पातं.

स्मरणिकेत संस्थेचा इतिहास लिहायची एक रीत ठरून गेली आहे. स्थापना, बांधकामं, मग देणगीदारांची यादी. ही यादी लागतेच, कारण देवस्थानं दानावर उभी राहिली. पण दानात दोन हात असतात. एक वस्तू देणारा, दुसरा वस्तू घडवणारा. पहिल्याचं नाव दगडात कोरलं जातं, दुसऱ्याचं कुठेच येत नाही. जेजुरीच्या खंड्याइतकं हे मला दुसऱ्या कुठल्या वस्तूत स्पष्ट दिसलेलं नाही, म्हणून या लेखात संस्थानाचा इतिहास मी त्या एका पात्याच्या बाजूने सांगणार आहे.

आधी आमच्या गावाचा धागा. १७४२ साली नारो शंकर झाशीचे सुभेदार झाले आणि १७५७ पर्यंत राहिले. किल्ल्याचा शंकरगड हा भाग त्यांचा. झाशीत मराठी वस्ती बसली तीही त्यांच्याच काळात. नाशिकला पंचवटीत गोदेच्या काठी १७४७ साली रामेश्वराचं देऊळ बांधलं गेलं ते याच नारो शंकरांच्या नावाने ओळखलं जातं, आणि तिथली घंटा तर देवळाहूनही प्रसिद्ध. वसईच्या विजयानंतर पोर्तुगिजांकडून आलेली ती घंटा. मोठ्या आवाजाच्या माणसाला आपण अजून ‘नारोशंकराची घंटा’ म्हणतो. त्या पिढीची दानाची कल्पना यात नीट दिसते. मोहिमेत मिळालेलं, मोहिमेसाठी वापरलेलं किंवा मोहिमेच्या आठवणीसाठी मुद्दाम घडवून घेतलेलं धातूचं काहीतरी देवाच्या दारी नेऊन ठेवायचं. कुणी घंटा दिली, कुणी दीपमाळ. पानशांनी खंडा दिला.

जेजुरीचा गड एकाएकी उभा राहिलेला नाही. वर डोंगरात कडेपठार, ते जुनं ठाणं. खालच्या टेकडीवरचा गडकोट त्यानंतरचा. राघव मंबाजी यांनी १६३७ साली सभामंडप बांधला, १७४२ मध्ये होळकरांनी कामाला हात घातला, आणि तट, ओवऱ्या, तलाव हे सगळं १७७० च्या सुमारास तुकोजी होळकरांच्या काळात पुरं झालं. मल्हारराव होळकर मूळचे नीरेकाठच्या होळ गावचे, म्हणजे जेजुरीच्या अंगणातलेच. देवाचं नाव त्यांनी स्वतः धारण केलेलं, मुलाचं नाव खंडेराव. हा मुलगा १७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात तोफेच्या गोळ्याने गेला आणि मागे राहिल्या त्या अहिल्याबाई. होळकरांची जेजुरीवरची माया नुसत्या वैभवातून आलेली नव्हती.

देवाच्या नावाबद्दल दोन शब्द. खांडा धारण करणारा तो खंडोबा, ही लोकांच्या तोंडची व्युत्पत्ती. जोतीराव फुल्यांनी १८७३ च्या ‘गुलामगिरी’त वेगळा अर्थ लावला. बळीराजाच्या राज्यातल्या खंडांचा कारभारी तो खंडोबा. रा. चिं. ढेऱ्यांनी १९६१ साली ‘खंडोबा’ नावाचा ग्रंथच लिहिला. या देवाला धनगर, रामोशी, कोळी, मराठे, ब्राह्मण, मुसलमान सगळे आपला म्हणतात, आणि प्रत्येकाची खंडोबाची गोष्ट निराळी. हातातल्या शस्त्राबद्दल मात्र कुणाचा वाद नाही. चार हातांत खड्ग, त्रिशूळ, डमरू आणि भंडाऱ्याचं पात्र. मणी आणि मल्ल या दैत्यांशी झालेलं युद्ध याच खड्गाने जिंकलं.

आता पानसे. पेशव्यांचा तोफखाना या घराण्याकडे होता. सासवडजवळचं सोनोरी हे त्यांचं गाव. गावात वाडा, आणि गावावरच्या डोंगरावर मल्हारगड. भिवराव आणि कृष्णाजी पानसे यांनी १७५७ ते १७६० च्या दरम्यान बांधलेला हा किल्ला मराठ्यांनी बांधलेला शेवटचा किल्ला मानतात. नाव मल्हारगड, आत खंडोबाचं देऊळ. दिवसभर तोफा, गोळे आणि दारू यांच्यात वावरणारं हे घर, आणि देव जेजुरीचा, डोंगराच्या पलीकडे. याच घराण्यातल्या महिपतराव आणि रामराव या भावांनी देवाला खंडा वाहिला, तो बेचाळीस किलोंचा.

आकडा नुसता वाचून सोडू नये. लढाईतली साधी तलवार किलो-सव्वा किलोच्या आसपास असते. दिवसभर चालवायची म्हणजे तेवढीच हवी, त्याहून जड झाली तर तासाभरात मनगट दुखून येईल. पानशांचा खंडा अशा पस्तीस-चाळीस तलवारींच्या वजनाचा आहे. तोफखान्याच्या सरदारांना शस्त्र म्हणजे काय हे कुणी सांगायला नको होतं. हे पातं कुणाच्या अंगावर कधी चालणार नाही, हे घडवून घेताना त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी देवाच्या मापाचं शस्त्र मागितलं, माणसाच्या नव्हे. मला या दानातलं सगळ्यात सुंदर ते हे वाटतं. शस्त्राचा आकार पुरता ठेवला आणि त्याची मारण्याची शक्यता काढून घेतली.

आणि मग ही मागणी कुणातरी लोहाराच्या दारात गेली.

एक मणाचं पातं घडवायचं म्हणजे काय, हे ज्याने कधी भात्याजवळ पाच मिनिटं काढली असतील त्याला कळेल. एवढं लोखंड गावच्या भट्टीत एका वेळी तापत नाही. तुकडे तापवायचे, पांढऱ्या तावावर आणायचे, एकावर एक ठेवून घणाखाली एकजीव करायचे, मग लांबवायचे. सांडशीत धरलेला गोळा जसा वाढत जातो तसा तो एका माणसाला पेलेनासा होतो. दोघांनी धरायचा, तिघांनी घण चालवायचे, आणि मुख्य कारागिराने लहान हातोडीने फक्त जागा दाखवायची. ‘इथे’ म्हणून त्याने लोखंडावर टिचकी मारली की घण तिथेच पडला पाहिजे. त्या ठोक्यांची लय चुकली की पातं पिळतं. भाता ओढणाऱ्याचा हात थांबला की ताव उतरतो, आणि उतरलेल्या तावावर मारलेला घाव लोखंडाला आतून फोडतो, वरून काही दिसत नाही.

खंड्याचं पातं सरळ असतं, तलवारीसारखं वाकडं नसतं. टोकाकडे रुंद, दोन्ही बाजूंना धार. वाकड्या पात्याला थोडा दोष लपवता येतो, पण सरळ पात्यात जवभर बाक आला तरी डोळ्याला खुपतो. कारागीर पातं डोळ्यासमोर आडवं धरून एका डोळ्याने कडेवरून बघतो, आणि हे बघणं घडणीत शेकडो वेळा होतं. बेचाळीस किलो आडवे धरून बघायला किती माणसं लागत असतील!

मग पाणी देणं. लोहाराच्या कामातला हा सगळ्यात जोखमीचा क्षण. लाल झालेलं पातं किती तावावर बुडवायचं, किती वेळ, धार आधी की पाठ आधी, हे रंगावरून ठरतं, आणि रंग ओळखायला उजेड बेताचा लागतो, म्हणून लोहाराची शाळा अंधारी. पाणी जास्त चढलं तर पातं काचेसारखं तडकतं, कमी पडलं तर शिशासारखं वाकतं. मराठी भाषा या अंधाऱ्या शाळेची किती ऋणी आहे! माणूस पाणीदार असतो, शत्रूला पाणी पाजलं जातं, प्रश्न ऐरणीवर येतो, निकाल एक घाव दोन तुकडे असा लागतो. हे शब्द घेतले आणि ते ज्यांच्याकडून घेतले त्यांना गावकुसाच्या कडेला ठेवलं.

पाणी दिल्यावर पातं शिकलगाराकडे जातं. सहाणेवर घासायचं, कुरुंदाच्या पुडीने साफ करायचं, तेल लावायचं, परत घासायचं. जातिवंत पोलाद असेल तर घासता घासता आतल्या लाटा वर येतात, त्यांना जोहर म्हणतात. मग मूठ बसते, परज बसते. म्हणजे एका दानात लोहार, घणकरी, भाता ओढणारा, कोळसा पाडणारा, शिकलगार असे निदान पाच घरांचे हात. जेजुरीत खंड्याची गोष्ट ज्याला विचाराल तो पानशांचं नाव सांगेल. या पाच घरांचं नाव कुणी सांगत नाही.

तरी त्यांचं काम दरवर्षी तपासलं जातं, तेही हजारो माणसांसमोर.

जेजुरीचा दसरा मर्दानी दसरा म्हणून ओळखला जातो. संध्याकाळी पालखी गडावरून सीमोल्लंघनाला निघते. कडेपठारची पालखीही खाली उतरते. मध्यरात्री डोंगरातल्या रमण्यात दोन्ही पालख्यांची भेट होते, दारूकाम होतं, आणि पालखी गडावर परतेपर्यंत दुसरा दिवस उजाडलेला असतो. रात्रभर कुणी झोपलेलं नसतं. अशा वेळी, जागरणाने डोळे लाल झालेले असताना, खंडा उचलण्याची स्पर्धा सुरू होते.

मी ती पाहिली तेव्हा देवळासमोरच्या कासवाच्या पलीकडे, एका खांबाला पाठ लावून उभा होतो. पितळी पत्र्याचं ते मोठं कासव भंडाऱ्याने पुरतं पिवळं झालेलं. आलेला पोरगा विशीतला असेल, अंगापिंडाने बेताचा. माझ्या शेजारचे म्हातारबाबा म्हणाले, “हा उचलंल, खांदा बघा त्याचा.” त्याने आधी तळव्यावर भंडारा चोळला. घामाने मूठ सटकू नये म्हणून, पण तो कपाळाला लावून मगच चोळला, तेव्हा नुसता तेवढ्यापुरता नाही. मग खंड्याच्या पाया पडला. मूठ धरली, गुडघ्यात वाकला, आणि एका हाताने ते पातं जमिनीपासून वर आणून हात खांद्याच्या रेषेत सरळ केला. इथून घड्याळ सुरू होतं. शक्तीपेक्षा ही परीक्षा थांबण्याची जास्त आहे. उचलणारे पुष्कळ असतात, पण आडव्या हाताने धरून ठेवायचं ते पेलणारे थोडे. पहिल्या मिनिटाला त्याचा चेहरा शांत होता. मग दंड थरथरायला लागला, आणि ती थरथर पात्याच्या टोकापर्यंत जाताना मला स्पष्ट दिसली. टोक हवेत लहान लहान वर्तुळं काढत होतं. “येळकोट येळकोट” चालू होतं, पण जवळची माणसं गप्प झाली होती. टोक खाली यायला लागलं, त्याने ते पुन्हा वर घेतलं, परत आलं, परत घेतलं. शेवटी त्याने खंडा टाकला नाही, ठेवला. हे मी मुद्दाम लिहितो. हात संपल्यावरसुद्धा त्याने गुडघे वाकवून ते पातं हळू खाली टेकवलं, जसं झोपलेलं मूल ठेवतात.

त्याच्यानंतर आलेल्या एकाने खंडा दातांत धरून उचलला. लोक त्यावर जास्त ओरडले. मला मात्र तो पहिला पोरगा लक्षात राहिला.

दरवर्षी अशी किती माणसं त्या मुठीला हात घालतात! पेशवाई जाऊन दोनशे वर्षं झाली, तरी मूठ पात्यातून निखळलेली नाही. कारागिराच्या सहीची मला कमतरता वाटते खरी, पण त्या सकाळी वाटलं की ही सही आहेच, वाचायची रीत तेवढी वेगळी आहे.

संस्थानाचा इतिहास लिहिताना सगळी दानं एका पंगतीला बसवता येत नाहीत. जेजुरीला जे वाहिलं गेलं त्यात खोबरं आहे, भंडारा आहे, मेंढरं आहेत, लोखंडी साखळ्या आहेत. वाघ्या लंगर तोडतो तो लंगरही कुणा लोहारानेच केलेला असतो. आणि त्यातच मुली होत्या. नवसाने देवाला वाहिलेली मुरळी. देवाशी लग्न लावलं म्हणजे माणसाचं घर तिला बंद, आणि पुढचं आयुष्य कुणाच्या हाती जाईल ते सांगता येत नसे. पुण्यात शिवराम जानबा कांबळे यांनी १९०८ पासून ‘सोमवंशीय मित्र’मधून याविरुद्ध सातत्याने लिहिलं. मुरळ्यांना स्वतःची हकीकत सांगायला बळ दिलं आणि त्यांचे संसार उभे राहावेत म्हणून खटपट केली. विठ्ठल रामजी शिंदेही या कामात होते. १९३४ साली मुंबई इलाख्यात देवदासी संरक्षणाचा कायदा झाला. कायद्यानंतरही प्रथा एका दिवसात गेली नाही. स्मरणिकेत हा भाग टाळला जातो, पण मी टाळणार नाही. देवाला काय द्यावं आणि काय देऊ नये हे देवस्थानाच्या इतिहासाने सांगायचं नाही तर कुणी सांगायचं? लोखंडाचं पातं वाहणाऱ्यांनी आपली वस्तू दिली. मुरळी वाहणाऱ्यांनी दुसऱ्याचा जीव दिला. या दोन दानांना एकच शब्द वापरताना माझं मन मागे येतं.

खंडा टिकला तो देवाचा होता म्हणून, असं मला अनेकदा वाटतं. माणसांची शस्त्रं गेली. सत्तावन्नच्या उठावानंतर हत्यारं काढून घेतली गेली, आणि आमच्या झाशीने तर त्या वर्षांत काय भोगलं ते मी इथे सांगायला नको. पुढे १८७८ चा शस्त्र कायदा आला आणि परवान्याशिवाय तलवार बाळगणं गुन्हा झालं. ज्यांची हयात तलवारी घडवण्यात आणि परजण्यात गेली त्यांनी काय करायचं? काही शिकलगार विळ्या, कात्र्या, सुऱ्यांना धार लावत गल्लोगल्ली फिरले. घिसाड्यांची बिऱ्हाडं गाड्यांवर आधीपासूनच होती. एका घराने मात्र अशी वाट काढली की आजही नवल वाटतं. मिरजेच्या पटवर्धनी संस्थानात फरीदसाहेब शिकलगार आणि त्यांचे बंधू शस्त्रांचं काम करत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला, तलवारींची मागणी सरत चालली तेव्हा, त्यांनी बिघडलेली तंतुवाद्यं दुरुस्त करायला घेतली आणि पुढे नवी घडवायला लागले. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा भोपळा, तूनीचं लाकूड आणि शिकलगाराची नजर. पोलादावर केसभर उंचवटा ओळखणारं बोट तंबोऱ्याच्या घोडीवर जवारी काढायला बसलं. त्या घरातून मिरजेत सतारमेकरांची गल्ली उभी राहिली. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. तंबोरा जुळवताना ‘जवारी लागली’ म्हणतात, तेव्हा मला पात्याचं पाणी आठवतं.

जगात इतरत्र पातं घडवणाऱ्याचं नाव कसं राखलं गेलं, तेही या निमित्ताने पाहावंसं वाटलं. इंग्लंडात शेफील्डच्या सुरीकारांची कंपनी १६२४ साली कायद्याने स्थापन झाली आणि प्रत्येक कारागिराने आपली निशाणी नोंदवून ती पात्यावर ठोकायची असा नियम झाला. आमच्या आजोबांच्या पिढीत घराघरात असलेला रॉजर्सचा चाकू त्याच गावचा. अमेरिकेत १९७६ साली हाताने पाती घडवणाऱ्यांची संस्था निघाली. तिथे उस्ताद म्हणवून घ्यायचं तर स्वतः घडवलेल्या पात्याने टांगलेला दोर एका घावात तोडायचा, लाकडाची फळी तोडायची, मग त्याच पात्याने हातावरचे केस उतरवून दाखवायचे आणि शेवटी ते शेगड्यात धरून काटकोनात वाकवायचं. मोडलं तर नापास. त्या संस्थेचे कारागीर आपली पाती दान देतात, त्यांचा लिलाव होतो, आणि त्या पैशातून नव्या मुलांना हे काम शिकवलं जातं. तिथे घडवणारा आणि देणारा एकच माणूस असतो, आणि पात्यावर त्याचं नाव असतं. हे वाचलं तेव्हा मला जेजुरीच्या त्या लोहाराबद्दल फार वाईट वाटलं.

आपल्याकडे सुरी-चाकू भेट देत नाहीत. हातातून हातातसुद्धा देत नाहीत, जमिनीवर ठेवायचं आणि दुसऱ्याने उचलायचं, नाहीतर भांडण होतं म्हणतात. लोखंडाचं दान मात्र शास्त्राने सांगितलेलं आहे. अष्टदानांत तिळाबरोबर लोह येतं. आणि नवरात्राचा नववा दिवस तर पात्याच्या नावाचाच, खंडेनवमी. आमच्या झाशीच्या घरात तलवार नव्हती. आजी पाटावर मांडायची ती विळी, अडकित्ता, कोयता, सुपारीचा चाकू आणि आजोबांचा दाढीचा वस्तरा. प्रत्येकाला हळदकुंकवाचं बोट आणि झेंडूचं एक फूल. विळीचं पातं इतकं झिजलं होतं की चंद्रकोरीसारखं दिसायचं. शेजारच्या बुंदेली काकू विचारायच्या, “अम्मा, चाकू-छुरी की पूजा?” आणि आजी तिच्या मोडक्या हिंदीत सांगायची की वर्षभर हे आपल्यासाठी कापतात, एक दिवस यांना काही कापायला लावायचं नाही.

आज जेजुरीचं श्री मार्तंड देवसंस्थान हा सार्वजनिक न्यास आहे. पायऱ्या, पाणी, गर्दी, उत्सव या सगळ्याची जबाबदारी त्याच्याकडे, आणि सोमवती अमावास्येला पालखी कऱ्हेवर स्नानाला निघते तेव्हा ही जबाबदारी किती मोठी आहे ते दिसतं. माझी एकच विनंती आहे, आणि ती मी मनापासून करतो. गडावर खंड्याची माहिती सांगताना पानशांच्या नावाखाली एक ओळ घडवणाऱ्यांसाठी असावी. नाव नसेल तर ‘लोहार आणि शिकलगार’ एवढं पुरे.

त्या दसऱ्याला गड उतरून आलो तर खाली रस्त्याच्या कडेला घिसाड्याचं बिऱ्हाड होतं. जमिनीत पुरलेली छोटी ऐरण, हाताने फिरवायचा पंखा, कोळशाचा वाफा. बाई घण चालवत होती, तिच्या कपाळावर भंडारा होता. पुरुष सांडशीत विळ्याचं पातं धरून बसला होता. मी एक सुरी घेतली. त्याने ती माझ्या हातात दिली नाही, समोरच्या गोणपाटावर ठेवली, मी उचलली. म्हटलं, “दादा, यावर तुमची काही खूण घाला ना. नाव, अक्षर, काहीही.” त्याला आधी वाटलं मी माझं नाव घालायला सांगतोय. मग समजल्यावर त्याने बायकोकडे पाहिलं. ती घण टेकवून उभी होती.

“नाव कशाला पायजे साहेब,” तो म्हणाला. “मोडली तर घेऊन या. दर दसऱ्याला आम्ही हितंच असतो.”